स्वतःचा प्रश्न, स्वतःचा शोध

(छत्रपती संभाजीनगर येथे महाविद्यालयीन विद्यार्थी, पालक आणि शिक्षक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



प्रश्नोपनिषदाचा आरंभ सहा विद्यार्थ्यांपासून होतो. हातात समिधा घेऊन हे सहाही जण पिप्पलाद ऋषींकडे जातात. प्रत्येकाच्या मनात वेगळा प्रश्न आहे. पिप्पलाद त्यांना लगेच उत्तर देत नाहीत. एक वर्ष तपाने, ब्रह्मचर्याने आणि श्रद्धेने येथे राहा. मग वाटेल ते विचारा. आम्हांस ठाऊक असेल तर सारे सांगू, अशा आशयाचे ते बोलतात. 'ठाऊक असेल तर' ही अट त्या थोर गुरूने स्वतःवर घालून घेतली आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

या सहांतील शेवटचा विद्यार्थी सुकेशा भारद्वाज. त्याची हकिकत तर आणखी बोधप्रद आहे. कोसल देशाचा राजपुत्र हिरण्यनाभ एकदा त्याच्याकडे आला आणि सोळा कलांच्या पुरुषाविषयी त्याने विचारले. सुकेशाला उत्तर येत नव्हते. काहीतरी सांगून वेळ मारून नेणे अवघड नव्हते, समोर राजपुत्र होता आणि प्रतिष्ठेचा प्रश्न होता. तरीही सुकेशाने 'मला ठाऊक नाही' असे सांगितले. खोटे बोलणारा माणूस मुळासकट वाळून जातो, ही त्यामागची त्याची भावना. राजपुत्र काही न बोलता रथात बसून निघून गेला. पण तो प्रश्न सुकेशाच्या मनात काट्यासारखा सलत राहिला आणि तोच त्याला पिप्पलादांच्या दारी घेऊन आला.

आज ज्याला संशोधन प्रकल्प म्हणतात, त्याची सुरुवात नेमकी येथे होते. 'मला ठाऊक नाही' असे प्रांजळपणे म्हणायचे आणि मग ते ठाऊक करून घेण्यासाठी घराबाहेर पडायचे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० अन्वये चार वर्षांची पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी संशोधनाचा मार्ग निवडता येतो. त्याआधीच्या वर्षांतही क्षेत्रीय प्रकल्पाला श्रेयांक मिळतात. शाळकरी मुलांसाठी राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद १९९३ पासून प्रकल्पाची वाट दाखवीत आली आहे. विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठी 'आविष्कार' ही संशोधन स्पर्धा आहे. सोयी वाढल्या, ही आनंदाची गोष्ट होय. तथापि याच काळात दुसरेही काही वाढले आहे. तयार प्रकल्प विकत मिळतात. मागील वर्षीच्या विद्यार्थ्याची वही नाव बदलून पुन्हा सादर होते. आता तर संगणकाला दोन ओळी सांगितल्या की पाच मिनिटांत वीस पानांचा मजकूर हाती येतो. आणि घरातील वडीलधाऱ्यांचा प्रश्न असतो, 'याला गुण किती?'

हा प्रश्न चुकीचा म्हणता येणार नाही. मुलाच्या फीसाठी कर्ज काढलेल्या बापाने गुणांची चौकशी करणे स्वाभाविकच आहे. परंतु गुणांपलीकडे या प्रकल्पातून विद्यार्थ्याच्या हाती काय लागते, याचेही उत्तर त्याला मिळाले पाहिजे. ते शोधण्यासाठी या शहराबाहेर जाण्याचे कारण नाही. या शहरात एक असे महाविद्यालय आहे, ज्याला प्रश्न विचारणाऱ्याचे नाव दिलेले आहे.

मिलिंद हे नाव

भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. त्यानंतर त्यांची दृष्टी मराठवाड्याकडे वळली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला, तेव्हा येथील तरुणाला पदवीसाठी हैदराबादची किंवा मुंबई-पुण्याची वाट धरावी लागे. गरिबाच्या मुलाला तर ती वाटही नव्हती. अशा वेळी, १९५० मध्ये, तेव्हाच्या औरंगाबादेत बाबासाहेबांनी महाविद्यालय काढले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या वास्तूची कोनशिला बसली. पुढे त्या महाविद्यालयाला मिलिंद आणि परिसराला नागसेनवन हे नाव मिळाले.

मिलिंद म्हणजे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातील ग्रीक राजा मिनँडर. शाकल, म्हणजे आजचे सियालकोट, ही त्याची राजधानी. वादविवादात भल्याभल्यांना निरुत्तर करणारा हा राजा भिक्षू नागसेनांना भेटला, त्यांना प्रश्नामागून प्रश्न विचारीत गेला आणि समाधानकारक उत्तर मिळाले तेथे त्याने ते मोकळेपणी मान्य केले. हा संवाद 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात आहे. परिसराला उत्तर देणाऱ्या नागसेनांचे नाव मिळाले, आणि विद्यार्थी जेथे बसतात त्या महाविद्यालयाला प्रश्न विचारणाऱ्या राजाचे. ही निवड सहज झालेली नाही. तिच्यामागे बाबासाहेबांचे स्वतःचे विद्यार्थिजीवन उभे आहे. ते समजून घेण्यासाठी १९१३ सालच्या न्यूयॉर्कला जावे लागेल.

न्यूयॉर्कमधला विद्यार्थी

मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून भीमराव पदवीधर झाले. फेब्रुवारी १९१३ मध्ये त्यांचे वडील सुभेदार रामजी यांचे निधन झाले. त्याच वर्षी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना परदेशातील उच्च शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता दिली. शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदे संस्थानाची नोकरी करण्याचा करार होता. जुलै १९१३ मध्ये हा बावीस वर्षांचा तरुण कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला.

तेथे जॉन ड्यूई, एडविन सेलिग्मन, जेम्स शॉटवेल, जेम्स हार्वे रॉबिन्सन यांच्यासारखे अध्यापक होते. अशा गुरूंची व्याख्याने ऐकणे हे भाग्यच. परंतु भीमरावांनी व्याख्यानांवर समाधान मानले नाही. एम. ए.साठी त्यांनी प्राचीन भारतातील व्यापार हा विषय घेतला आणि १९१५ मध्ये ती पदवी मिळवली. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था यांवर त्यांनी दुसरा निबंध लिहिला. भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा प्रश्न हाती घेऊन १९१६ मध्ये त्यांनी आणखी एक प्रबंध सादर केला. हे विषय क्रमाने पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. विद्यार्थी परदेशात होता, पण त्याचे सारे प्रश्न मायदेशातले होते. परक्या देशातील ग्रंथालय त्याने आपल्या घरचा हिशेब तपासण्यासाठी वापरले. हाती पैसे बेताचे, त्यात घरी रमाबाईंची ओढाताण. तरीही जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी सुमारे दोन हजार ग्रंथ जमवले, असे चरित्रकार सांगतात.

९ मे १९१६

या काळातील सर्वांत महत्त्वाचा दिवस म्हणजे ९ मे १९१६. मानववंशशास्त्राचे अध्यापक डॉ. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जातींची यंत्रणा, उगम आणि विकास हा त्याचा विषय. पुढील वर्षी, मे १९१७ मध्ये, 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकाने तो प्रसिद्ध केला.

हा निबंध कोणी वाचला, हे क्षणभर आठवावे. शाळेत वर्गाच्या कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर बसलेला मुलगा. ज्याला नळाला हात लावण्याची मुभा नव्हती, शिपायाने वरून पाणी ओतले तरच ज्याची तहान भागे, असा हा मुलगा. जातिव्यवस्थेने त्याला काय दिले होते, हे त्याला पुस्तकातून शिकण्याची गरज नव्हती. सात समुद्रांपलीकडे परक्या अध्यापकांसमोर त्याने आपली व्यथा मांडली असती तर ती खरीच ठरली असती आणि ऐकणाऱ्यांचे डोळेही पाणावले असते. परंतु भीमरावांनी त्या दिवशी व्यथा सांगितली नाही. त्यांनी एक शास्त्रीय प्रश्न विचारला. भारतात एवढे सांस्कृतिक ऐक्य असताना समाजाचे असे बंदिस्त तुकडे झाले कसे?

सेनार, नेस्फिल्ड, रिस्ले या युरोपीय अभ्यासकांच्या व्याख्या त्यांनी एकेक करून तपासल्या. चौथा अभ्यासक मात्र मराठी होता. पुढे ज्ञानकोशकार म्हणून ज्यांचे नाव घरोघरी पोहोचले, ते डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर. केतकर न्यूयॉर्क राज्यातीलच कॉर्नेल विद्यापीठात शिकले होते. भारतातील जातींचा इतिहास हाच त्यांच्याही संशोधनाचा विषय होता आणि त्यांचे पुस्तक १९०९ मध्ये प्रसिद्ध झाले होते. एक चित्पावन ब्राह्मण घरातील विद्यार्थी, दुसरा महार घरातील. दोघेही काही वर्षांच्या अंतराने अमेरिकेत जातात आणि दोघेही प्रश्न निवडतात तो आपल्याच समाजाच्या दुखण्याचा. महाराष्ट्राच्या ज्ञानपरंपरेतील हा योग फारसा सांगितला जात नाही.

भीमरावांनी केतकरांची चिकित्सक आणि मोकळी दृष्टी वाखाणली. ज्याचा त्याचा अधिकार त्याला देऊन मगच ते मतभेदाकडे वळले. जातीत जन्मलेल्यालाच जातीचे सदस्यत्व, आणि जातीबाहेर लग्नाला मनाई, अशी दोन लक्षणे केतकरांनी सांगितली होती. ही दोन लक्षणे वेगळी नसून एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, हे भीमरावांनी दाखवून दिले. लग्नसंबंध जातीतच राखले, की सदस्यत्व आपोआप जातीपुरते उरते. म्हणजे जातीचे मर्म अंतर्विवाहात आहे. तेथून पुढे एकेक पायरी चढत, सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या प्रथांचा त्या बंदिस्तपणाशी असलेला संबंध त्यांनी उलगडला. एका वर्गाने दारे लावून घेतली आणि अनुकरणाने इतरांनी ती लावली, असे त्यांनी प्रतिपादन केले. कोणा एका स्मृतिकाराने जाती निर्माण करून समाजावर लादल्या, हे सोपे उत्तर त्यांनी त्या निबंधात नाकारले. जे उत्तर संतापाला सोयीचे होते, ते पुराव्याला पटत नव्हते म्हणून त्यांनी बाजूला ठेवले.

आणि शेवटी त्यांनी जे सांगितले ते प्रत्येक विद्यार्थ्याने जपून ठेवावे असे आहे. शास्त्राच्या क्षेत्रात भावनेला थारा नको. या विषयावर मतभेद राहणारच. कोणी युक्तीने मतभेद दाखवला तर जेवढा आनंद होईल, तेवढाच आनंद कोणी सप्रमाण माझी उपपत्ती मोडून काढली तरी होईल, अशा आशयाचे ते बोलले. ज्या विषयाने आपले बालपण होरपळून काढले, त्या विषयावरील स्वतःचे मतही खोडून दाखवा, असे आवाहन पंचविसाव्या वर्षी करणे ही साधी गोष्ट नव्हे. मिलिंद राजाचे नाव या महाविद्यालयाला का, याचे उत्तर या शेवटच्या भागात सापडते.

संशोधनातून व्यक्तित्व घडते ते असे. प्रश्न स्वतःच्या जीवनातून येतो, त्यामुळे त्यात धग असते. उत्तर मात्र पुराव्यातून यावे लागते, त्यामुळे त्या धगीला शिस्त लागते. धग नसेल तर प्रकल्प कागदी होतो आणि शिस्त नसेल तर तो कैफियत होतो. दोन्ही एकत्र आली की माणूस आपल्याच दुःखाकडे चार पावले दूर उभे राहून पाहू शकतो. दुःख कमी होत नाही. पण त्याच्याशी झुंजण्याचे बळ येते.

हरवलेली पेटी, परत आलेला प्रबंध

भीमरावांच्या वाट्याला पुढे जे आले, त्यात या बळाची कसोटी लागली. ऑक्टोबर १९१६ मध्ये ते लंडनला गेले. ग्रेज इनमध्ये आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी नाव घातले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. महायुद्ध चालू होते. त्यांची पुस्तके आणि सामान ज्या बोटीवर होते, ती टॉर्पेडोने बुडाली. ते स्वतः दुसऱ्या बोटीने येत असल्याने वाचले. वर्षानुवर्षे जमवलेल्या ग्रंथांच्या बदल्यात टॉमस कुक कंपनीकडून सहाशे रुपये भरपाई मिळाली. तेच पैसे बडोद्याला जाण्याच्या खर्चासाठी उपयोगी पडले.

बडोद्यात काय झाले, ते हिंदू समाजाने मान खाली घालूनच आठवले पाहिजे. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या विद्वानाला त्या शहरात राहायला खोली मिळाली नाही. कचेरीतील शिपाई कागदपत्रे दुरूनच त्यांच्या मेजावर टाकीत. पारशी खाणावळीत आश्रय घेतला, तर लाठ्या घेतलेला जमाव दारात आला. एका झाडाखाली बसून त्यांनी अश्रू ढाळले आणि ते मुंबईला परतले. विद्येमुळे सन्मान मिळतोच, अशी समजूत बाळगणाऱ्याला हा प्रसंग निरुत्तर करतो. एवढे शिकून काय मिळाले, असे त्या दिवशी कोणी विचारले असते तर दाखवायला हाती काही नव्हते. पण अपुरा राहिलेला प्रश्न हाती होता. लंडनच्या विद्यापीठाने अभ्यास पूर्ण करण्यासाठी परत येण्याची मुभा दिलेली होती.

मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात त्यांनी १९१८ पासून प्राध्यापकी केली आणि पैसा साठवला. काही मदत कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांकडून मिळाली, काही कर्ज नवल भथेना या पारशी मित्राकडून. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. सकाळी पाव आणि चहा, रात्री परिचिताने दिलेले पापड, आणि दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय, असा त्यांचा दिनक्रम चरित्रकारांनी नोंदवला आहे. १९२१ मध्ये एम. एस्सी. झाली. ऑक्टोबर १९२२ मध्ये त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध डी. एस्सी.साठी सादर केला.

या प्रबंधात त्यांनी कोणाशी मतभेद नोंदवला? जॉन मेनार्ड केन्सशी. भारतासाठी सुवर्ण विनिमय पद्धती योग्य, असे केन्सने १९१३ च्या आपल्या ग्रंथात म्हटले होते. भीमरावांचा युक्तिवाद असा, की या पद्धतीत रुपये काढण्यावर खराखुरा निर्बंध राहत नाही. चलन वाढते, किमती चढतात आणि त्याची झळ गरिबाला बसते. परदेशी नाण्याशी रुपयाचा दर स्थिर राहण्यापेक्षा बाजारातील किमती स्थिर राहणे महत्त्वाचे. परीक्षकांनी प्रबंध सुधारून लिहिण्यास सांगितले. पैसे संपल्यामुळे एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले होते. तेथे त्यांनी तो पुन्हा लिहिला, निष्कर्ष तेच ठेवले, आणि तो स्वीकारला गेला. डिसेंबर १९२३ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, त्याला त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे. विशेष म्हणजे त्या प्रस्तावनेत कॅनन यांनी शिष्याच्या काही मतांशी आपण सहमत नसल्याचे लिहिले आणि तरीही त्याच्या मांडणीतील ताजेपणाची प्रशंसा केली. असा शिष्य आणि असा गुरू, दोघेही दुर्मीळच.

येथे एक पथ्य पाळले पाहिजे. रिझर्व्ह बँक बाबासाहेबांच्या या ग्रंथावरूनच स्थापन झाली, असे विधान उत्साहाच्या भरात केले जाते. नोंदीत आहे ते एवढे: भारतीय चलनासंबंधीच्या शाही आयोगापुढे, म्हणजेच हिल्टन यंग आयोगापुढे, १५ डिसेंबर १९२५ रोजी त्यांनी साक्ष दिली; त्या आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली; आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. विद्यार्थिदशेत लिहिलेल्या प्रबंधाच्या बळावर एक भारतीय शाही आयोगाला चार गोष्टी सुनावतो, हे गौरवासाठी पुरेसे आहे. संशोधकाचा गौरव करताना संशोधनाचा नियम मोडू नये.

नागसेनवनात रुजलेले बीज

अशा माणसाने १९५० मध्ये मराठवाड्यात महाविद्यालय काढले, तेव्हा त्याला वर्ग भरवण्यापलीकडचे काही साधायचे होते. ज्यांच्या घरात अक्षर नव्हते, त्या घरांतील मुले तेथे आली. नागपूरहून या शहरात आलेले डॉ. गंगाधर पानतावणे मिलिंद महाविद्यालयात अध्यापन करू लागले. बाबासाहेबांची पत्रकारिता हा विषय त्यांनी आपल्या संशोधनासाठी निवडला. 'अस्मितादर्श' हे त्यांचे नियतकालिक याच शहरातून निघाले आणि लिहिणाऱ्यांच्या पिढ्या त्याने घडवल्या. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी येथे विद्यापीठ स्थापन झाले. आज ते बाबासाहेबांच्या नावाने ओळखले जाते. प्रश्नाचा वारसा असा एका माणसाकडून संस्थेकडे आणि संस्थेकडून पुन्हा माणसांकडे जातो.

आपल्या गल्लीतील प्रश्न

मित्रहो, प्रत्येक जण कोलंबियाला जाणार नाही, आणि जाण्याची गरजही नाही. या शहराच्या अंगणात प्रश्नांना तोटा नाही. सतराव्या शतकात मलिक अंबरने डोंगराचे पाणी जमिनीखालून शहरात आणले. त्या नहरीचे कोणते भाग आज शाबूत आहेत? हिमरू विणणारी किती घरे उरली? पैठणच्या विणकराचा मुलगा मागावर बसतो की नोकरी शोधतो?

एक उदाहरण कल्पनेने घेऊ. शहराला पाणी जायकवाडीतून येते. पैठणचे ते धरण येथून सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. तरी नळाला किती दिवसांनी पाणी आले, हा येथील घराघरांतील बोलण्याचा विषय. समजा, एखाद्या विद्यार्थिनीने ठरवले की आपल्या गल्लीतील पाण्याची वर्षभर नोंद ठेवायची. पाणी कोणत्या दिवशी आले, किती वाजता, किती वेळ, टँकर किती आले, साठवण्यासाठी कोणाकडे टाकी आहे आणि कोणाकडे नुसती पिंपे. मनात तिची खात्री आहे की आपल्या गल्लीवर अन्याय होतो.

पहिला महिना उत्साहात जातो. दुसऱ्या महिन्यात कंटाळा येतो. रात्री दोन वाजता पाणी आले तर उठून नोंद करावी लागते. शेजारच्या वसाहतीत जाऊन अनोळखी दारे ठोठवावी लागतात. कोणी हिडीसफिडीस करते, कोणी चहा देऊन बसवून घेते. नळ सोडणाऱ्या कर्मचाऱ्याशी बोलावे लागते आणि त्याची अडचणही ऐकावी लागते. सहा महिन्यांनी आकडे मांडले, तेव्हा कदाचित दिसते की आपल्या गल्लीला शेजारपेक्षा कमी पाणी येतच नाही. फरक आहे तो साठवणुकीचा. ज्याच्याकडे टाकी आहे त्याला आठ दिवस पुरते, पिंपवाल्याला तीन दिवसांतच टंचाई. म्हणजे मूळ समजूत चुकली. आता दोन वाटा असतात. आकडे थोडे इकडेतिकडे करून आधीची तक्रार तशीच मांडायची, किंवा 'माझे मत चुकले' असे पहिल्या पानावर लिहून नवा प्रश्न हाती घ्यायचा. त्या मुलीने दुसरी वाट धरली, तर ९ मे १९१६ च्या त्या विद्यार्थ्याशी तिचे नाते जडले. तिला गुण किती मिळाले, हा मग गौण भाग आहे. पुढे ती बँकेत जावो, शेती करो, संसार सांभाळो; ऐकीव गोष्टीवर ती सहसा विश्वास ठेवणार नाही आणि स्वतःच्या रागालाही पुरावा विचारील.

पालकांनी एवढे करावे. मुलाचा प्रकल्प स्वतः करून देऊ नये आणि विकतही आणू देऊ नये. जेवताना त्याला विचारावे, 'आज काय नवे कळले? काय चुकीचे निघाले?' शिक्षकांनी पिप्पलादांची अट स्मरावी. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे असलेच पाहिजे असे नाही. ठाऊक नसेल तर तसे सांगावे आणि विद्यार्थ्याबरोबर शोधावे. कॅननप्रमाणे शिष्याच्या मतभेदाला प्रस्तावना लिहिण्याचे मोठेपण दाखवावे. शाखांतून, वस्त्यांतून काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनाही हे लागू आहे. वस्तीत जाण्यापूर्वी तिच्या गरजा आपल्याला माहीत आहेत असे समजू नये. वही घेऊन जावे आणि आधी ऐकावे.

विद्यार्थ्यांनी विषय लहान घ्यावा, पण आपला घ्यावा. रोज थोडे काम करावे आणि त्याच दिवशी लिहून ठेवावे. जे दुसऱ्याचे आहे ते दुसऱ्याच्या नावावर नोंदवावे. संगणकाची मदत जरूर घ्यावी, पण जे आपण पाहिले नाही ते पाहिले असे लिहू नये.

सुकेशा भारद्वाजाने राजपुत्राला रिकाम्या हाती परत पाठवले, पण खोटे उत्तर दिले नाही. त्याला मुळासकट वाळून जाण्याची भीती होती. ज्या विद्यार्थ्याने विकतचा प्रकल्प सादर केला, त्याला कदाचित पूर्ण गुण मिळतील. गुणपत्रिका हिरवीगार दिसेल. मूळ मात्र वाळलेले असेल आणि ते त्याचे त्यालाच कळेल. नागसेनवनावरून जाताना त्या दोन नावांची आठवण ठेवावी. त्यांतील एक उत्तर देणाऱ्याचे आहे. दुसरे प्रश्न विचारणाऱ्याचे आहे, आणि येथे जमलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला आज तेच लागू पडते.